सात घरांचं सरबत

डोलवीला कंपनीत कामाला असलेला विठू आणि त्याची बायको मालू त्या रविवारी ताम्हिणी घाटात पोचलेच नाहीत. हे मी सांगितलं नाही असं धरा. दुपारचे चार वाजलेत, कोलाडच्या हॉटेलात दोघं माझ्या शेजारच्या टेबलावर आहेत आणि घाटाकडंच निघाली आहेत.

"अवो, सकाळी सातला पेण सोडलं. सहाला भावोजींची गाडी परत द्यायची हाय."

"नागोठण्याला मावशी ओट्यावर बसलेली. तिला टाकून पुढं जायचं?"

"नाय. पण तिच्या नणंदेकडं कशाला थांबलात?"

"तिनं गाडी बघितली ना!"

"माझ्या पोटात सात घरांचं सरबत हाय."

"माझ्या पोटात सहाच. एक मांजराला पाजलं."

"तीन महिन्यांनी तुम्हाला रविवार मिळाला. मला निस्ता वरचा गार वारा पायजे होता."

"अजून जाऊ गो. पुढं फक्त विळं गाव."

"तिथं तुमचा आतेभाऊ हाय."

"मान खाली घालून जाऊ."

"आन् गाडी कोण चालवणार?"

"मग करू तरी काय?"

"बांधकाम खात्याला अर्ज करा. मी सांगते, लिवा: आमचा एकही नातेवाईक नसलेल्या गावांतून घाटापर्यंतचा रस्ता, आमच्या पुढच्या सुट्टीपूर्वी, काढून मिळावा, ही नम्र विनंती."