वैशालीचा नारळ

मी दिगंबर. आमचं मूळ गाव कुडाळच्या बाजूला, पण माझा जन्म मुंबईतला. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तशी लालबागची खोली सोडून आम्ही भांडुपला टेकडीवर आलो आणि बाबांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. मी तेव्हा शाळेत होतो. हे सगळं आधी सांगतो ते एवढ्यासाठी की तुम्ही माझ्या बायकोविषयी विचारायला आलात, ती चीनला असते म्हणून, बरोबर ना? सगळे तिच्याचविषयी विचारतात. पण लिहायचंच असेल तर सुरुवात माझ्यापासून करा. परदेशी जायचं होतं ते मला.

हो, मला. मस्कतला. लग्नाच्या आधी एका कंपनीच्या गोदामासाठी माझं नक्की झालं होतं, पासपोर्ट काढला होता, आत्ता दाखवतो तुम्हाला, फोटोत केस किती आहेत ते बघा. आणि जायच्या तोंडावर बाबांना अर्धांगाचा झटका आला, म्हणून राहिलं. त्याचं दुःख नाही, म्हणजे आहे, खोटं कशाला सांगू, पण दोष मी कोणाला देत नाही. पासपोर्ट एकही शिक्का न बसता संपला. कोराच्या कोरा. आता मी मुलुंडला एका औषधांच्या कंपनीत स्टोअर्स बघतो, आलेला माल, गेलेला माल, शिल्लक, संध्याकाळी जुळलं नाही तर मला जेवण जात नाही. अशा माणसाची बायको विमानात बसून चीनला जाते तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, काय सांगू तुम्हाला.

वैशालीची पाठ दुखायची. तन्वीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या जन्मापासून दुखायची. बागेत सकाळी योगाचा वर्ग भरतो, मीच म्हटलं, जा, पाठ तरी सुटेल. पाठ सुटली, आणि ही तिथेच शिकवायला लागली. मग तिने रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, प्रमाणपत्र घेतलं. तिच्या कोर्समधली एक मुलगी ग्वांगझूला गेली होती, तिने तिथल्या योगा स्टुडिओत हिचं नाव सुचवलं. ग्वांगझू म्हणजे दक्षिण चीनमधलं मोठं शहर, मला वाटायचं मुंबईएवढं मोठं दुसरं काय असणार, तर असतं. घरात बोलणं निघालं तेव्हा मी म्हटलं, विचार करू. आणि आमची आई, जी मला साध्या अंधेरीला जायचं तरी दहा वेळा विचारते, ती म्हणाली, जा गो बाय, जा, ह्याच्या बापाशीन माका कधी फिराक म्हणान परळाच्या फुडे नेल्यान नाय. झालं. विचार करायचा राहिलाच नाही.

बिल्डिंगमध्ये तर वाटच लागली माझी. आमच्या मजल्यावर पाटकर राहतो, माझ्याच वयाचा, जिन्यात भेटला की, काय रे दिगंबर, वहिनी तिकडे योगा शिकवते आणि तू इथे शीर्षासन करतोस काय? मी हसतो. काय करणार. सकाळी उठून डबे मी करतो, आईच्या गोळ्या मी देतो, तन्वी कॉलेजला जाते तिच्या मागे मी ओरडतो, आणि शेजारच्या बायका म्हणतात, वैशालीने किती हिंमत केली नाही? केली, केली ना. पण चपात्या कोण लाटतो ते विचारा.

रोज सकाळी आमचं बोलणं होतं. तिकडे आपलं व्हॉट्सॲप चालत नाही आणि त्यांचं ॲप इकडे बंद, म्हणून ऑफिसच्या मिटिंगला वापरतात तसलं एक ॲप आहे, त्यावर बोलतो. चित्र मध्येच थांबतं, आवाज जरा उशिरा येतो. आपण विचारलं, जेवलीस का, की उत्तर यायच्या आत आपल्याला वाटतं हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकदा मी बराच वेळ बोललो आणि तन्वी म्हणाली, पप्पा, तुम्ही म्यूटवर आहात. आई मागून म्हणाली, लगीन झाल्यापासून हा तसोच आसा.

आता माझ्या पोटदुखीचं सांगतो. तुम्हाला वाटेल पुरुषाचं प्रकरण. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं. स्टुडिओचा मॅनेजर आहे, वेई नावाचा, उंच, केसांची शेंडी बांधलेला. ती फोटो पाठवायची त्या प्रत्येक फोटोत हा कोपऱ्यात. मी विचारलं, हा सारखा कोण? ती म्हणाली, अहो, मॅनेजर आहे तो, फोटोत नको तर काय बाहेर उभा करू? तन्वीने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, पप्पा, हा माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, तुम्हाला काय झालंय? तर ते तेवढ्यावर मिटलं. मिटलं म्हणजे, कोपऱ्यात बघायची सवय काही गेली नाही.

खरं मला जळवतं ते दुसरंच. तिची खोली. छोटीशीच, एक पलंग, एक खिडकी, पण तिची एकटीची. मी आयुष्यात एकटा एका खोलीत झोपलेलो नाही. लालबागला नाही, भांडुपला नाही, लग्नाआधी नाही, नंतर नाही. तिने फोन फिरवून खोली दाखवली, हे कपाट, हा दिवा, आणि मी म्हटलं, छान आहे, आणि दिवसभर कंपनीत माझं लक्ष लागलं नाही. मग सायकल. लग्नानंतर मी हिला नाहूरच्या मैदानात सायकल शिकवायला नेलं होतं, एकदा पडली आणि म्हणाली, मला नाही जमायचं, पुन्हा नाव काढू नका. तीच वैशाली आता पंचेचाळिशी ओलांडून ग्वांगझूत नदीकाठी सायकल चालवते. शिकवली कोणी? तर तिच्या वर्गातल्या म्हाताऱ्या बायकांनी. माझ्याकडून शिकली नाही ना. मी धरत होतो की सीट मागून. मी सोडलं असतं का?

त्या बायकांमध्ये एक वू म्हणून आहेत, सत्तरीच्या, वैशाली त्यांना वू मावशी म्हणते. मागच्या थंडीत वैशालीला ताप आला. मला तो उतरल्यावर कळला. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही तिथून काय करणार होता, उगाच घोर. वू मावशी होत्या ना, रोज पेज घेऊन यायच्या. मी म्हटलं, काय घेऊन? म्हणे, पेज, आपल्यासारखीच, तांदळाची, अगदी मऊ.

बघा, आमच्या घरात आजारी माणसाला पेज मी करतो. आईला मी, तन्वीला मी, आणि वैशालीची पाठ धरायची तेव्हा तिलाही मीच, उकडा तांदूळ, मंद गॅसवर, वर मीठ. दुसरं मला काही येत नाही, भाजी माझी कधी तिखट कधी आळणी, पण पेज माझी. नोकरी तिची, खोली तिची, शहर तिचं, शिक्के तिच्या पासपोर्टवर. मला वाटायचं पेज तरी आपल्याकडे आहे. ती पण तिकडे निघाली. त्या दिवशी मी तिच्याशी धड बोललो नाही.

असं चाललं होतं, आणि गेल्या महिन्यात तिचा करार संपत आला. स्टुडिओवाले म्हणाले, आणखी दोन वर्षं राहा. ते तिने आधी कोणाला सांगितलं? आईला. मला आईकडून कळलं. आणि आईने परस्पर ठरवून टाकलं, रविवारी नारळ ठेवायचो, गाऱ्हाणां घालायचां.

तुम्ही कोकणातले नाही, म्हणून सांगतो. आमच्यात घरातलं कोणी काही नवं करायला निघालं की देवापुढे नारळ ठेवतात आणि घरातला कर्ता पुरुष मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या माणसाच्या वतीने देवाकडे मागतो, मालवणीत. प्रत्येक मागण्यावर बाकीचे म्हणतात, व्हय म्हाराजा. आमचे बाबा गाऱ्हाणं घालायचे ते लालबागच्या चाळीत खालपर्यंत ऐकू जायचं, लोक बोलवायला यायचे त्यांना. मला शिकवताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. दुसऱ्याच्या नारळावर आपलं मागणं घालायचं नाही. आधी त्या माणसाला विचारायचं, तुला काय हवं, आणि तेच मागायचं.

आता आली का पंचाईत? माझं मागणं मला पाठ होतं. पुरे झालं, परत ये. आठवडाभर मी तेच घोकत होतो. ती आली की बिल्डिंगमधली तोंडं बंद, वेई बंद, सायकल बंद, पेज माझी मला परत. आणि घालणारा मीच, आवाज माझा, कोण अडवणार?

रविवारी सकाळी आईने पाट मांडला, तन्वीने फोन उभा करून ठेवला, फोनमध्ये वैशाली, ओढणी डोक्यावर घेऊन, खाली मांडी घालून. मी नारळ ठेवला, हात जोडले आणि बाबांची आठवण झाली. म्हणून विचारावं लागलं. म्हटलं, वैशाली, तुझं मागणं काय? ती म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते मागा हो. मी म्हटलं, तसं चालत नाही, नारळ तुझा आहे. मग चित्र थांबलं. मला वाटलं लाइन गेली. गेली नव्हती. आवाज आला, हळू, म्हणाली, राहावंसं वाटतंय. पहिल्यांदाच असं माझं काहीतरी झालंय. तुम्ही रागावू नका.

मी उगाच नारळ पाटावर सरळ करत बसलो. आई शेजारून म्हणाली, बोल मरे, देव काय दिवसभर बसान रवतलो तुझ्यासाठी?

तर बोललो. बा देवा म्हाराजा, ह्या घरची सून चीनच्या मुलखात पोटापाण्याक गेली आसा म्हाराजा. आई आणि तन्वी म्हणाल्या, व्हय म्हाराजा. तिच्या मनात आजून दोन वर्सां थंयच रवाचां आसा, तां तिच्या मनासारखां होवंदे म्हाराजा. व्हय म्हाराजा. तिचो वर्ग भरलेलो रवांदे, तिची पाठ धड रवांदे म्हाराजा. व्हय म्हाराजा. इथे मी थांबायला हवं होतं, पण तोंडातून आपोआप आलं, थंय ताप इलो तर कोणतरी पेज घेवन तिच्या दारात येवंदे, मग तो कोणय आसांदे रे म्हाराजा.

ह्यावर व्हय म्हाराजा म्हणायचं सोडून तन्वी माझ्याकडे बघत होती. आणि तेवढ्यात आईने हात जोडून, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात, अगदी बाबांच्या सुरात सुरू केलं, आणि ह्या माझ्या झिलाच्या पोटात जां काय जळता हा, तां विझय रे म्हाराजा!

तन्वी फिस्सकन हसली आणि हसत हसत म्हणाली, व्हय म्हाराजा. मी म्हटलं, आई, नारळ तिचा आहे. आई म्हणाली, गप रव. आणि आम्ही गप्प झाल्यावर, नेहमीसारखं उशिरा, फोनमधून आलं, व्हय म्हाराजा. एवढ्या जोरात की तिच्या शेजारच्या खोलीतल्यांनीसुद्धा ऐकलं असेल. मग डोळे पुसताना दिसली, का हसताना, चित्र धड नव्हतं.

नारळ फोडला. गोड निघाला. अर्धा पाटकरला दिला, तो म्हणाला, काय रे, वहिनी येते काय परत? मी म्हटलं, नाही, राहते, आणि तू शीर्षासनाचं विचारतोस ना, चल, दोघं करू.

आता विचाराल विझलं का, तर नाही. खोटं कशाला सांगू. काल तिने सायकलवरचा फोटो पाठवला, मी पहिलं विचारलं, काढला कोणी? ती म्हणाली, वू मावशींनी, आणि कोपऱ्यात बघा, कोणी नाही. नवा पासपोर्ट काढायला तन्वी माझ्या मागे लागली आहे, दिवाळीत जाऊन तरी या म्हणते. बघू. आईचं वय झालंय, तिला सोडून कसं जाणार, पण फोटो काढून ठेवलाय, केस नाहीत आता तेवढे.

ती तिकडे सुखाने राहो, धडधाकट राहो, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही लिहिताच आहात तर हेही लिहा. त्यांच्या पेजेत मीठ नसतं म्हणे. मी घालतो.