तिसरी हाक

मी, बद्रीनाथ सर्जेराव नरवडे, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, शिक्षण दहावी, मूळ राहणार पाचोड, तालुका पैठण, हल्ली मुक्काम मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. आज रोजी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी व मुलीसह राहतो. शेंद्रा येथील मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये बऱ्याच वर्षांपासून कामाला आहे. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. समोर येईल त्याला 'माऊली' म्हणायची मला सवय आहे, त्यामुळे कारखान्यातले सगळे लोक मलाच 'माऊली' म्हणून हाक मारतात. माझे खरे नाव पुष्कळांना माहीत नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून आधी सांगतो.

मयत माऊली कडुबा गोर्डे, वय अंदाजे ३१, हा त्याच कारखान्यात मशीनवर होता. तो आमच्या मागच्या गल्लीत आई वच्छलाबाई यांच्यासोबत राहत होता. त्याचे पाळण्यातले नावच माऊली होते. एका खात्यात दोन माऊली नकोत म्हणून सगळे त्याला गोर्डे म्हणत. त्याच्याच गल्लीतला, आमच्याच लाइनवरचा सुदर्शन तेवढा त्याला नावाने हाक मारायचा. गोर्डे मला नाना म्हणायचा. मी एकदा त्याला विचारले होते, "सगळे मला माऊली म्हणत्यात, तूच का नाय म्हणत रे?" त्यावर तो म्हणाला, "नाना, सोतालाच हाक मारल्यासारखं वाटतं. लोक म्हणतील गोर्ड्याला येड लागलं."

या वर्षी आमच्या लाइनचे काम चांगले झाले म्हणून कंपनीने आम्हा अकरा जणांना अंदमानच्या सहलीला नेले. मला जायचे नव्हते असे नाही. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. विमानात बसल्यापासून सुपरवायझर विश्वजीत तांगडे व इतर माझी चेष्टा करत होते. त्यात वाईट हेतू नव्हता. मीही हसत होतो, पण मनात थोडे लागत होते हे खरे आहे.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी आम्हाला श्री विजयपुरमहून (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) बोटीने एका लहान बेटावर नेले. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा कार्यक्रम होता. तोंडाला काचेचा चष्मा व श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे पडायचे आणि खालचे मासे व प्रवाळ बघायचे, याला तिकडे स्नॉर्केलिंग म्हणतात. बोटीवर निताई मंडल नावाचा चाळिशीचा इसम होता. पाण्यातल्या लोकांकडे लक्ष ठेवण्याचे काम त्याचे होते. त्याने आम्हा सर्वांना किनाऱ्यावर उभे करून हिंदीत समजावून सांगितले की, अंगातले जाकीट कोणी काढायचे नाही आणि तरंगत्या डब्यांची दोरी लावली आहे तिच्या पलीकडे जायचे नाही. त्याने हे दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना त्याने गोर्डेच्या जाकिटाचा पट्टा स्वतःच्या हाताने आवळला. हे मी पाहिले आहे.

मी पाण्यात उतरलो नाही. त्या किनाऱ्यावर इतर ठिकाणचेही लोक आलेले होते. त्यात बायका पोहण्याच्या कपड्यांत होत्या. मला तिकडे बघायला बरे वाटेना, म्हणून मी झाडाच्या सावलीला समुद्राकडे पाठ करून बसायचे ठरवले. त्यावर तांगडे म्हणाले, "माऊली, चष्मा लावा की! मासे तुमची वाट बघायलेत. निस्ते बघायचेत, खायचे नायत." सगळे हसले. मी "तुमचं चालू द्या" असे म्हणालो.

थोड्या वेळाने निताई माझ्याकडे आला. दुसऱ्या पार्टीतल्या एक वयस्कर बाई बोटीतच राहिल्या होत्या, त्यांना उतरवून आणायला तो चालला होता. बोट उथळ पाण्यामुळे जरा लांब उभी होती. त्याच्या हातात दोरी बांधलेली लाल रंगाची मोठी रिंग होती. ती माझ्याकडे देऊन तो म्हणाला, "चाचा, आप तो बैठे ही हो. ये पकड के रखो. कोई आवाज दे तो फेंक देना. मैं अभी आया." मी "हो" म्हणालो. माझ्याऐवजी त्याने दुसऱ्या कोणाकडे रिंग दिली असती असे मला वाटत नाही. पाण्याबाहेर मी एकटाच होतो, आणि माझ्या गळ्यात माळ होती.

वाळू ओली होती. मी नामस्मरणाला आसनाशिवाय बसत नाही. आसन हॉटेलवर राहिले होते. म्हणून मी ती रिंग वाळूवर ठेवली व तिच्यावर बसलो.

निताई गेल्यावर थोड्याच वेळात गोर्डे पाण्यातून बाहेर आला. तो फार आनंदात होता. मला म्हणाला, "नाना, तुम्ही काय बसले इथं! खाली लई भारी हाये. पिवळेधमक मासे, नुसते अंगावर येत्यात. पण हे जाकीट बुडूच देत नाय. जरा खाली जाऊन बघतो." असे म्हणून त्याने जाकीट काढले व माझ्या बाजूला ठेवले. मी त्याला म्हणालो, "अरे, तो नको म्हणला व्हता ना." तो म्हणाला, "पाचोडच्या विहिरीत तुम्ही काय जाकीट घालून पोहले का? मी बी आजोळी विहिरीतच शिकलोय." यावर मला हसू आले. मी त्याला अडवले नाही. तो परत पाण्यात गेला. म्हणजे जाकीट निताईने दिले नव्हते किंवा त्याने ते काढू दिले, असे कोणी म्हणत असेल तर ते दोन्ही खरे नाही. जाकीट माझ्याजवळ होते.

त्यानंतर पाण्यातून मला हाका ऐकू आल्या. पहिल्यांदा तांगडे यांचा आवाज होता, "माऊली! ओ माऊली!" मी वळून पाहिले तर ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बाजूच्या पार्टीतल्या बायकांकडे मानेने खूण करत होते. सगळे मोठ्याने हसले. मी तोंड फिरवले. दुसऱ्यांदा तसेच झाले. "माऊली, या, एक डुबकी मारा, पुण्य लागंल!" मी वळलो, पुन्हा सगळे हसले. मला राग आला. मी ठरवले की आता वळायचे नाही.

तिसरी हाक सुदर्शनची होती. "माऊली! माऊली!" अशी.

ही हाक गोर्डेला होती. हे मला नंतर कळले असे मी आतापर्यंत सर्वांना सांगितले आहे. त्याबाबत खुलासा करतो की, आवाज सुदर्शनचा आहे हे मला त्याच वेळी कळले होते. सुदर्शन चेष्टा करणाऱ्यातला नाही हे मला माहीत होते. त्या हाकेच्या मागे कोणी हसले नव्हते, तेही माझ्या कानाला जाणवले होते. तरीही मी वळलो नाही. माझ्या मनात असे आले की, ओरडू द्या थोडे. मी पाठमोराच उजवा हात वर केला, ऐकले अशा अर्थाने, आणि हातातली जपाची माळ पुढे ओढू लागलो. माळ मध्ये सोडायची नाही अशी माझी पद्धत आहे.

सुदर्शनने मला नंतर सांगितले की, त्याने माझा वर केलेला हात पाहिला. मी ऐकले, आता रिंग येते, असे त्याला वाटले. तो पोहण्यात कच्चा आहे. त्यामुळे तो गोर्डे बुडत होता तिकडे न जाता रिंगची वाट बघत जागेवरच थांबला. मी हात वर केला नसता तर त्याने दुसऱ्या कोणाला तरी ओरडून सांगितले असते.

माळ पुरी होण्याआधी एक बाई धावत माझ्या अंगावर आल्या. इतर पार्टीतल्या होत्या. त्यांचे नाव मला माहीत नाही. त्या पोहण्याच्या कपड्यांतच होत्या. "उठिए! उठिए!" असे ओरडत त्यांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला ढकलले आणि माझ्याखालची रिंग ओढून घेतली. मी वाळूत पडलो. त्या रिंग घेऊन पाण्यात शिरल्या. तिकडून निताईनेही बोटीवरून उडी टाकलेली होती. त्या दोघांनी मिळून गोर्डेला बाहेर काढले. निताई त्याची छाती दाबत होता व तोंडाने वारा भरत होता. तो रडत होता. बोटीत घेतल्यावरही त्याने छाती दाबणे सोडले नाही. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी गोर्डे मयत असल्याचे सांगितले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तांगडे यांनी मला बाजूला घेतले. ते म्हणाले, "माऊली, तुम्ही काय बोलू नका. रिंग-बिंग काय नव्हती, बस. देवमाणूस हायेत तुम्ही. तुमचं नाव यात येऊ द्यायचं नाय." इतरांनीही मान हलवली. सुदर्शन भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने मान हलवली नाही, पण तो बोललाही नाही. माझ्याबद्दलच्या आदरापोटी त्या सर्वांनी तिकडच्या पोलिसांना सांगितले की, रिंग दिली नव्हती, जाकिटाची सक्ती केली नव्हती आणि बोटीवरचा माणूस जागेवर नव्हता.

मला विचारले तेव्हा मी हिंदी नीट येत नाही असे सांगितले. हे खोटे आहे. मला हिंदी येते. स्टोअरमध्ये माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हर लोकांशी मी रोज हिंदीतच बोलतो. संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला हिंदी येत नाही, हे इथे कोणी खरे मानले नसते. तिथे मानले. त्यांनी माझ्या नावापुढे 'काही माहिती नाही' असे लिहिले व मी खाली सही केली. त्याच दिवशी निताई मंडल यास अटक झाली. त्याला नेत असताना त्याने माझ्याकडे पाहिले. मी बोलेन असे त्याला वाटले असावे.

गोर्डेचे प्रेत इकडे आणून अंत्यविधी झाला. मी खांदा दिला. लोकांनी मला पुढचा खांदा दिला.

तेराव्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो असता वच्छलाबाई यांनी मला विचारले, "भाऊ, तुम्ही जवळ व्हते ना?" मी म्हणालो, "व्हतो." त्या म्हणाल्या, "मंग बरं झालं. शेवटाला नाव घेणारं माणूस जवळ व्हतं लेकराच्या." त्यांनी खाली वाकून माझ्या पायावर डोके ठेवले. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत. मी पाय मागे घेतले नाहीत.

त्या म्हणाल्या ते एका अर्थाने बरोबर आहे. मी त्या वेळी नावच घेत होतो.

मला या कामी कोणी बोलावलेले नाही व माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. येथे येण्यापूर्वी मी तांगडे यांना सांगितले. ते म्हणाले, "माऊली, गेलेला काय परत येतो का? कशाला सोताची नाचक्की करून घेता?" सुदर्शनला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "जा नाना." तो आजवर मला माऊली म्हणत होता. आता नाना म्हणतो.

कारखान्यात अजूनही मला कोणी 'माऊली' म्हणून हाक मारली की मी हातातले काम टाकून जातो. बहुतेक वेळा तसे काही काम नसते. लोक म्हणतात, एवढी घाई कशाची.

तरी निताई मंडल याने जाकीट न काढण्याची ताकीद दिली होती, जाताना रिंग माझ्या ताब्यात दिली होती व ती कशासाठी आहे हेही सांगितले होते. ती फेकण्याचे काम मी अंगावर घेऊन केले नाही. माझा हा जबाब तिकडील पोलीस ठाण्यास पाठवावा ही विनंती. पुढे जी काही कारवाई होईल ती मला मान्य आहे. तसेच वच्छलाबाई यांना हा मजकूर कळवायचा झाल्यास तो मी स्वतः जाऊन सांगेन. दुसऱ्या कोणाला पाठवू नये.

हा जबाब संगणकावर घेऊन मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यात 'समुद्राकडे पाठ असल्याने मला तिसरी हाक ऐकू आली नाही' असे आले होते. लिहून घेणाऱ्या साहेबांनी ते माझ्याबद्दलच्या चांगल्या भावनेने लिहिले असावे. त्यांनी मला "असंच ना, काका?" असे विचारलेही. मी ते वाक्य काढायला सांगितले. मला हाक ऐकू आली होती. तेवढी दुरुस्ती करून जबाब पुन्हा वाचून दाखवला. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही)
बद्रीनाथ सर्जेराव नरवडे