एका डब्यातली दोन बिऱ्हाडं

—नाही हो मालक, पडलाबिडला नाही, चादरीत गुंडाळून आणलाय तो शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. कॉम्प्युटर धडधाकट आहे, फक्त अर्धा गेलाय. म्हणजे असं बघा, डबा एक, पण आत बिऱ्हाडं दोन. चालू केला की विचारतो, कुणाकडे जायचंय? वरचं नाव माझं—पत्त्यांचा डाव, बातम्या, झालं. खालचं आमच्या हिचं, तिची सिस्टिमच वेगळी, निम्मी डिस्क तिची. मुलानेच वाटणी करून दिली, आमची रोजची कटकट ऐकून. तर काल माझ्या बाजूने सहज तिच्या भागात डोकावलो, तर हा म्हणतो, मला हे वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? म्हटलं, कर. चुकून हो. दोनदा विचारलं त्याने—दोनदा चुकून.

असं बघू नका. बरं, सांगतो, पण दार लोटा आधी. ही माझं घोरणं रेकॉर्ड करून तिच्या भागात ठेवते. मी घोरत नाही, ते सोडा. पण रविवारी व्याही जेवायला येणार, त्यांना ऐकवते म्हणाली. मुलीच्या सासरच्यांपुढे शोभा करून घ्यायची? म्हटलं पुरावाच मिटवू. मिटवला, आणि खुशीत झोपलो. तर आज ही बाजाराला निघताना म्हणते, 'आल्यावर जरा आईचा आवाज ऐकेन.' पायाखालची जमीनच सरकली माझ्या. सासूबाई जाण्याआधी वर्षभर आमच्याकडे होत्या, तेव्हाचं त्यांचं बोलणं तिने त्याच भागात ठेवलेलं—दुसरीकडे कुठेही नाही. ती परतायच्या आत काहीतरी करा.

काय म्हणता? नुसत्या पाट्या पुसल्यात, माल आत आहे? तुमच्या तोंडात साखर पडो. पण फायलींची नावं गेली ती गेली? म्हणजे एकेक ऐकून ओळखायची? ऐकू की. घोरणं निघालं की फेका, सासूबाई निघाल्या की ठेवा. लावा.

हं. हा पंखा असावा—पुढची. हा बाहेरचा ट्रक. तुम्ही हसताय का मालक? पुढची. हाही... बरं, हा मी. फेका. पुढची, हाही मीच, फेका—थांबा. मागे न्या. मागून कुणीतरी बोलतंय, जरा मोठा करा. 'हळू हस गं, उठेल तो.' त्याच. सासूबाई. म्हणजे या मायलेकी माझ्या उशाशी बसून—ऐका, काय म्हणतायत ऐका—'जावई कसला गं, गिरणी आणलीस तू घरात.' आणि ही हसतेय बघा. तोंडात पदर कोंबून हसतेय. आई गेल्यापासून अशी हसलेली मी काही...

असू दे.

काय? माझा आवाज वेगळा काढता येईल? नको. राहू दे तसंच, घोरण्यासकट. आणि आधीच्या फेकल्या त्याही परत काढा. पंख्याची, ट्रकची, सगळ्या. कुठल्या घोरण्यामागे कोण बसलंय, काय सांगावं. माझ्याकडे काय बघताय? तिकडे बघा, पडद्याकडे.