सर्वात कमी दराचा कॅमेरा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे संचालक, व्यासपीठावर विराजमान झालेले मुख्य लेखापाल आणि मेट्रनबाई, आजचे सत्कारमूर्ती असलेले आमच्या खरेदी विभागाचे साहेब, त्यांच्या शेजारी पाय लांब करून बसलेल्या वहिनी, आणि समोर जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! मागे चहाच्या टेबलाला टेकून उभ्या असलेल्या एक्स-रे विभागालाही नमस्कार. तुम्ही भाषणासाठी आलेला नाहीत हे मला ठाऊक आहे, पण कप जरा हळू ठेवा.

साहेबांनी सकाळीच मला बजावलं, की माझ्याबद्दल चांगलं बोलू नकोस, लोक अवघडतात. मी त्यांच्या हाताखालची, बाजूच्या टेबलावरची. त्यांचा शब्द मोडायची सवय नाही. तेव्हा चांगलं बोलायचं काम अध्यक्षांवर सोपवते आणि मी कॅमेऱ्याबद्दल बोलते. साहेब, डोळे वटारू नका. तो अधिकार आज पाच वाजता संपला.

ज्यांच्या कानावर आलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वहिनींना समुद्र बघायचाय. नुसता वाळूत उभं राहून नाही, दीपगृहाचा जिना चढून, वरच्या गोल गच्चीतून बघायचाय. लग्न झाल्यापासून त्या हे म्हणताहेत आणि साहेब ‘जाऊ की’ म्हणताहेत. मध्ये मुलांच्या शाळा झाल्या, सासूबाईंचं आजारपण झालं, ते समजू शकते मी. पण अलीकडे घोडं अडलंय ते कॅमेऱ्यापाशी. आणि गुडघे काही कोणाची वाट बघत नाहीत. आपल्याच हाडांच्या डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलंय, जिने चढायचे असतील तर यंदा चढून घ्या, पुढच्या वर्षाची हमी मी देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा घ्यायचा तर घ्यावा, त्यात अडायचं काय? मंडळी, तुम्ही कधी खरेदी विभागात काम केलंय का?

साहेबांना रोलचा कॅमेरा हवा. मोबाइलमध्ये नातवाचे इतके फोटो आहेत की एकही बघून होत नाही, असं त्यांचं म्हणणं. रोलमध्ये मोजकेच निघतात, म्हणून माणूस बटण दाबायच्या आधी नीट बघतो. पटलं मला. प्रवासात न्यायचा, तर शर्टाच्या खिशात मावेल एवढाच हवा. हेही पटलं. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मग साहेबांनी तुलनात्मक तक्ता केला.

त्या तक्त्याने आमचं जेवण नासवलं. डबा उघडला की कॅमेरा. अमका आपोआप फोकस करतो, पण आतलं सर्किट गेलं तर दुरुस्त करणारा मिळत नाही. तमका सेलशिवाय चालतो, पण अंतर अंदाजाने लावावं लागतं, आणि साहेबांचा अंदाज असा की स्कूटर लावताना रोज भिंतीला टेकते. झूमवाला घ्यावा तर त्याच्या लेन्समधून उजेड कमी शिरतो, संध्याकाळी फोटो काळवंडणार. एक अगदी सगळ्यात बसला होता हो! त्याच्यासाठी पेढे... नाही, पेढे नाही, बिस्किटं वाटली आम्ही. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याला लागणारा सेल आता कोणी बनवतच नाही.

आपल्या मागच्या रस्त्यावर एक कॅमेरावाला आहे. तो सुरुवातीला साहेबांना खुर्ची द्यायचा आणि चहा मागवायचा. मग नुसती खुर्ची. पुढे पुढे साहेब रस्ता ओलांडताना दिसले की तो जेवायला जायचा, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. आणि घरी वहिनींनी विचारलं, निघायचं कधी, की साहेब म्हणणार, चर्चा करू. फाइलवर लिहितात तस्संच.

तर निरोपाची भेट म्हणून साहेबांना कॅमेराच द्यायचा, असं आम्ही ठरवलं. म्हटलं, यांचं भिजत घोंगडं आपण वाळत घालू. वर्गणी जमली. समिती नेमली. इथेच चुकलं आमचं, कारण साहेबांच्या हाताखाली तयार झालेली आम्ही माणसं, आम्हाला दुकानात जाऊन ‘हा द्या’ म्हणता येतच नाही. आम्ही साहेबांच्याच तक्त्यावरून अटी काढल्या. खिशात मावावा, हलका असावा, फ्लॅश आत असावा, साध्या सेलवर चालावा, झूम नसावा. आणि नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. कॅमेरावाल्याकडे दोन जुने चांगले कॅमेरे होते. तिसरं दरपत्रक हवंच म्हणून हटून बसलो, तर त्याने वैतागून गल्ल्याजवळ लटकणारा, रोल संपला की टाकून द्यायचा, पुठ्ठ्याच्या वेष्टणातला कॅमेरा लिहून दिला.

तो सगळ्या अटींत बसला! एकूण एक! दर तर सर्वात कमी. मुख्य लेखापाल इथेच बसलेत, त्यांना विचारा. ते म्हणाले, सर्वात कमी दर डावलायचा असेल तर कारण नोंदवा. समितीने पूर्ण दुपार घालवली आणि कोणालाही कारण सापडलं नाही. हसू नका, तुमच्या वॉर्डातले पंखेही असेच आलेत.

आता हे ध्यान साहेबांच्या हातात द्यायचं कोणत्या तोंडाने? म्हणून आधी वहिनींना दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, ह्यात ठरवण्यासारखं काही आहे का? आम्ही मान खाली घालून म्हणालो, काहीच नाही. तर म्हणाल्या, मग हाच. आणि टर्रकन वरचं वेष्टण फाडलं. सील फोडलेला माल परत होत नाही, ही साहेबांचीच शिकवण. वर्गणीतून बरेच पैसे उरले होते, त्यांची वहिनींनी आम्हाला तिकिटं काढायला लावली. दोघांची, आज रात्रीची.

होय साहेब, आज रात्रीची. वहिनी, द्या त्यांच्या हातात. हो, लेन्स प्लास्टिकचीच आहे. खाजवून बघू नका.

साहेब, आता थेट बोलते. तुम्ही चुकायला घाबरता, आणि त्याबद्दल या सभागृहाने तुमचे पाय धरायला हवेत. तुम्ही सलाइनची नळीसुद्धा तीनदा तपासून घेतलीत, म्हणून इथे कोणाच्या जिवावर बेतलं नाही. तुमच्या संशयावर अख्खं रुग्णालय निर्धास्त झोपलं. पण फोटो हलला तर कोणी मरत नाही हो! आकाश पांढरं येईल, वहिनींचं डोकं कापलं जाईल, बोट मध्ये येईल. येऊ दे. वहिनींनी सगळ्यांचं सगळं होऊ दिलं आणि मग स्वतःचं एक मागितलं. ते तुम्ही एका डबीपायी अडवून धरलंत, याचा मला राग आहे, आणि तो मी आज बोलून दाखवते.

काय म्हणता? कपाटाच्या किल्ल्या द्यायच्यात उद्या? वहिनी म्हणताहेत, दुपारीच दिल्या, तुमच्या खिशातून काढून. घ्या!

जरा शांत राहा, मंडळी. साहेब वहिनींना काहीतरी विचारताहेत. माइक चालू आहे साहेब, सगळ्यांना ऐकू आलं, आणि मागच्यांना आलं नसेल तर मी सांगते. ते म्हणाले, “तुला जिना चढवेल ना गं? अर्ध्यात राहिलीस तर मला बघवणार नाही.”

आणि वहिनी म्हणाल्या, “चढवला तर चढेन, नाही तर खालून बघेन. ते तिथे गेल्यावर ठरवू.”

अगं बाई. म्हणजे कॅमेरा नव्हताच हो मध्ये. इतकी वर्षं बाजूच्या टेबलावर बसून मला हे कळलं नाही. साहेब, माझा राग मी परत घेते.

साहेब उठले. वहिनींना हात दिलाय. एक्स-रे विभाग, वाट सोडा जरा.

अध्यक्षांनी मला आवरलं नाही, लेखापालांनी हिशेब उघड केल्याबद्दल टोकलं नाही, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर पदरात घ्या. साहेब, तुमची माफी मात्र जाता जाता आत्ताच द्या. सकाळी मी सवयीने तुमच्या टेबलाकडे वळेन, मला फार चुकल्यासारखं होईल, आणि तरीही तुम्ही तिथे नसावंत एवढंच माझं मागणं आहे. या आता, गाडी चुकेल.