हिरवा लागला तर

नाही हो साहेब, उठवत नाही मी तिला — अंगात ताप आहे, आताच कुठे डोळा लागलाय. तुम्ही बसा ना. पेटीची किल्ली काय, कुठे पळून जातेय? अहिल्या उठली की देईल. डेमो उद्या आहे ना — मग? चहा ठेवू? नको? बरं. मी आपला सकाळपासून चहाच पितोय. तुम्ही एवढे ठाण्याहून तलासरीपर्यंत आलात नुसत्या किल्लीसाठी, मला कळतं, नोकरी आहे. तिचीही तुमच्याकडे नोकरीच आहे. म्हणजे — अजून आहे ना? नाही, सहज विचारलं. खिडकीत ना? काही नाही, असाच उभा राहतो, बसवत नाही मला.

हे बघा, मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, तुमच्या रडारमधलं मला काय कळणार — पण बायको रोज जेवताना तेच बोलते, तर थोडं कळायला लागतं. अच्छाडच्या अलीकडे हायवेवर खांब रोवलात, वर रडार लावलंत, चार अँटेनांचं, खाली ते चालवणारी पेटी. गाडी लांब असेल, हळू असेल, तर चालत जाणाऱ्याला हिरवा दिवा, नाहीतर लाल. पाड्यावरच्या लोकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून. चांगलंच आहे की! कोण वाईट म्हणतंय? पण त्या चार अँटेना पाळीपाळीने बोलतात — बरोबर ना? एक बोलली, दुसरी, तिसरी, चौथी, मग परत पहिली. गाडी नेमकी कुठे आहे ते चौघींमुळे छान कळतं, पण पहिलीची पाळी परत येईपर्यंत गाडी बरीच पुढे सरकलेली असते. हळू गाडीचं ठीक, पण भरधाव आली की सगळं फसतं. ट्यूबलाइटखाली पंखा बघा, पाती कधी उलटी फिरताना दिसतात, तसं. अंगावर येणारी गाडी रडारला दिसते लांब जाताना! मग दिवा कसला लागणार? हिरवा.

लागलाच. गेल्या मंगळवारी. शुक्री माहितीय तुम्हाला? आमच्याकडे भाजी घालते ती, पाड्यावरची. डोक्यावर टोपलं, हिरवा दिसला म्हणून बिचारीने पाय टाकला, आणि गुजरातकडून पांढरी गाडी — अहिल्या तिथेच उभी होती म्हणून, पदराला धरून मागे ओढलं तिला. दोघी पडल्या. टोपलं चाकाखाली गेलं, रस्ताभर कारल्यांचा चिखल. त्या रात्री अहिल्या जेवली नाही. मी म्हटलं, अगं वाचली ना ती. तर म्हणाली, "माझ्या दिव्याने तिला बोलावलं, शैलेश." दुसऱ्या दिवशी पेटी बंद करून कुलूप घातलं. आणि तुम्ही — राग मानू नका साहेब, फोनचा स्पीकर चालू होता म्हणून ऐकलं मी — तुम्ही म्हणालात, डेमोपुरतं चालू कर, अधिकारी गाडीतून येतील, ते थोडेच चालत ओलांडणार आहेत. म्हणालात ना? असू द्या, खाली बघू नका. तुमच्याही वर कोणीतरी असेलच.

ती काही हातावर हात ठेवून बसली नाही. पाळ्यांमधलं थांबणंच बदललं — एकदा कमी थांबून बघायचं, एकदा जास्त थांबून. फसवा वेग दोन्ही वेळा वेगवेगळा निघतो, खरा तेवढा दोन्हींत जुळतो. जो जुळेल तो धरायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्ररात्र जागली हो. आणि जुळलं नाही तर सरळ लाल, असंही घातलंय म्हणे. मी विचारलं, खात्री कशी करणार? तर म्हणाली, जाऊन. आता या वेळेला तिथे ऊन काय भाजतं, सावलीला झाड नाही एक, डोक्याला काही बांधून गेलीय की —

काय? नाही. कुठे गेलीय म्हणजे, मी आपलं — नका हो उठू, आतल्या खोलीत नका जाऊ. राहू द्या. नाहीये ती आत. ताप नाही, काही नाही. किल्लीही तिच्याकडे आहे. तिचा भाऊ दिपक गाडी घेऊन हायवेवर फेऱ्या मारतोय, ती खांबाखाली उभी आहे. कंपनीला विचारलं नाही, मान्य! विचारलं असतं तर हो म्हणाला असतात? तिने मला निघताना काय सांगितलं माहितीय? "हिरवा लागला तर आधी मी पाय टाकणार. परत दुसऱ्या कोणाच्या जिवावर बघणार नाही." मी आडवा आलो नाही. नुसती पाण्याची बाटली दिली हातात. बायको हायवेवर उतरणार, आणि नवरा बाटली देतो! मघापासून तुमच्याशी बोलतोय ना मी, ते तुम्हाला अडवायला नाही साहेब. गप्प बसलो की ब्रेकचा आवाज ऐकू येतो मला. इथून हायवे ऐकू येत नाही, तरी येतो —

थांबा. तिचाच आहे.

हॅलो? अहिल्या? ... हं. ... दिपकच्या सगळ्या फेऱ्यांना लाल? ... आणि दुसऱ्या गाड्या? ... त्यांनाही? ... मग हिरवा कधी — ... रस्ता रिकामा झाल्यावर. बरं. ... नाही, ऐकतोय मी. ... कुठून बोलतेस? ... पलीकडून? म्हणजे तू रस्ता ओलांडलास? ... शुक्री? ती कशी आली तिथे? ... हात धरून? ... हो. ... हो गं. रडत नाहीये. ... आलेत, इथेच बसलेत. देऊ त्यांना? ... बरं, नको.

साहेब, पेटी चालू आहे. उद्या या, अधिकाऱ्यांना घेऊन या, आणि त्यांना गाडीतून खाली उतरवा. आता मात्र निघा तुम्ही. हो, आत्ताच. मला माझ्या बायकोशी बोलायचंय — दार ओढून घ्या.