अबोल राणी

कानाच्या दवाखान्यात शिंपी एका कानात औषध घालून बसला होता. दुसरा कान मोकळाच होता. रेडिओवर ते जुनं रॉक गाणं लागलं, तशी शेजारची बाई सोबतच्या नणंदेवर फणफणली.

"बंद करायला सांग ते."

"असं काय, वहिनी? दादाने तुझ्यावरच लिहिलंय ना?"

"हो तर. 'तू कधीच काही मागितलं नाहीस, अबोल राणी.' अबोल म्हणे. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, बघ रे, म्हणून घसा कोरडा पडायचा माझा. हा आपला हेडफोन लावून गिटार कुरवाळत बसलेला. अजून गळतोय तो नळ."

"लोक रडतात गं ते ऐकून."

"रडू देत. लग्नांत वाजवतात, नव्या नवरीला सांगतात, अशी हो. आणि मी तोंड उघडलं की कजाग."

"आता ऐकू येत नाही गं बिचाऱ्याला."

"तेव्हा येत होतं ना?"

आतून दादा कानाला नवं यंत्र लावून हसत बाहेर आला.

"सगळं स्वच्छ ऐकू येतंय. बोल, काय म्हणत होतीस?"

"नळ गळतोय."

"आवाज जरा जास्तच ठेवलाय यांनी," म्हणत त्याने हात कानाकडे नेला.