गादीची दुसरी बाजू

(दक्षिण कोरियातल्या छांगवॉन शहरातलं एक पाळणाघर. हिवाळ्यातली संध्याकाळ, मुलं घरी गेली आहेत. ऑफिसात मोठ्या बाई आणि दाओलची आई कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसल्या आहेत.)

मोठ्या बाई : अहो, दाखवतेय ना सगळं. नाही कुठे म्हणाले? फक्त जरा हळू बोला, पाठीवर लेक झोपलीय तुमची.

दाओलची आई : झोपणारच. रात्रभर रडली. पोटरीवर हा एवढा फोड. डॉक्टर म्हणाले, चटका नाही हा. मंद उबेवर खूप वेळ राहिलं की असं भाजतं. तुमच्या झोपायच्या खोलीची फरशी गरमच असते.

मोठ्या बाई : थंडीच्या दिवसांत फरशी सगळ्यांचीच खालून तापवलेली असते. म्हणून तर आम्ही जाड गादी घालतो.

दाओलची आई : हिच्याखाली घातली होती का, तेच बघायचंय मला.

मोठ्या बाई : घ्या, कालची दुपार. सगळी पोरं आडवी झालीयत. दाओल कुठे दिसते?

दाओलची आई : दिसत नाही.

मोठ्या बाई : भिंतीशी बघा. मीरांग बाईंच्या मांडीवर.

दाओलची आई : मध्येच खाली ठेवलं असेल. पुढे न्या.

मोठ्या बाई : तुम्हीच फिरवा. हवं तितकं पुढे-मागे करा.

दाओलची आई : ...नाही ठेवलं.

मोठ्या बाई : खाली ठेवलं की किरकिरायची, म्हणून बाई तशाच बसून राहिल्या. जेवणसुद्धा तसंच राहिलं त्यांचं. आणि तुम्ही काय लिहिलंत आयांच्या ऑनलाइन कट्ट्यावर? 'फरशीवर टाकून देतात.' नाव नाही घातलंत, पण त्या वर्गाला बाई एकच आहेत. निम्मा वर्ग आज आला नाही. त्यांच्या गावी, आईच्या कानावर गेलं. साप साप म्हणून भुई धोपटलीत तुम्ही.

दाओलची आई : ही रडत होती. हिचे बाबा व्हिएतनामच्या कारखान्यात, त्यांचा फोन लागेना. कट्ट्यावर लिहिलं तर बायका लगेच बोलायला लागल्या. 'आम्ही आहोत' म्हणाल्या. या गावात आल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं हो.

मोठ्या बाई : बरं. कालची सकाळ लावू का?

दाओलची आई : लावा.

मोठ्या बाई : हे आपलं दार. एरवी ही पोर आत आली की धूम ठोकते.

दाओलची आई : आणि ती फोनमध्ये डोकं घालून उभी आहे, ती कुणाची आई?

मोठ्या बाई : तुम्हीच की.

दाओलची आई : ...कामावरचा निरोप होता.

मोठ्या बाई : असेल. आता पोरीकडे बघा. बाई बूट काढतायत आणि ती पाय आखडून घेतेय. फोडाचा पाय तोच ना?

दाओलची आई : तोच.

मोठ्या बाई : बाई तुमच्या मागे दारापर्यंत आल्या, हाक मारली.

दाओलची आई : लिफ्ट आली होती. ऐकलंच नाही मी.

मोठ्या बाई : त्यांना वाटलं, बूट चावला. मोजा काढून बघायला हवा होता, तिथे आमचंही चुकलं. ते मी त्यांना सुनावलंय.

दाओलची आई : म्हणजे घरीच.

मोठ्या बाई : तुम्ही झोपता कशावर?

दाओलची आई : विजेवर तापणाऱ्या गादीवर. दोघींसाठी तीन खोल्या कशाला तापवायच्या? गादीला दोन बटणं असतात, दोन बाजूंची. आमची बाजू मी मंदच ठेवते. पण ही लोळत लोळत पलीकडे जाते.

मोठ्या बाई : पलीकडे?

दाओलची आई : हिच्या बाबांच्या बाजूला. ते गेल्यापासून ती मी चालूच ठेवते. हात गेला आणि गार लागलं, की मला झोप येत नाही.

मोठ्या बाई : ...पाणी आणू का?

दाओलची आई : नको. काढून टाकते मी ते लिहिलेलं.

मोठ्या बाई : नुसतं काढू नका. लोक म्हणतील, पाळणाघरानं दाबलं. खरं काय ते लिहा.

दाओलची आई : गादीचंसुद्धा?

मोठ्या बाई : त्याशिवाय बाईंवरचा डाग जायचा कसा?

दाओलची आई : मग त्या बायका नाही बोलणार माझ्याशी.

मोठ्या बाई : कदाचित नाही बोलणार. खोटं कशाला सांगू?

दाओलची आई : ...लिहिलं. हे काय चालू आहे पडद्यावर?

मोठ्या बाई : कालची संध्याकाळ. माझा हात लागून पुढे गेलं.

दाओलची आई : राहू दे. ही एकटीच उरलीय. दाराकडे तोंड करून बसलीय. अहो, ओठ हलतायत हिचे. बोलते ही?

मोठ्या बाई : बोलते की.

दाओलची आई : जरा आवाज लावा ना.

मोठ्या बाई : आवाज नसतो यात. कायदाच तसा आहे.

दाओलची आई : घरी एक शब्द बोलत नाही.

मोठ्या बाई : घरी बोलतं कोण तिच्याशी?

दाओलची आई : ...मी दमून येते. काय म्हणते ही इथे?

मोठ्या बाई : ते मीरांग बाईंना विचारा. बाहेर बसल्यात, अंगात कोट घालून. घरी जा म्हटलं तर जात नाहीत.

दाओलची आई : (बाहेर येऊन) मीरांग बाई. नका, उठू नका. फोड माझ्या घरचा आहे. तसं लिहून टाकलंय मी कट्ट्यावर, माझं नाव घालून. फार वाईट वागले मी तुमच्याशी. माफ करा.

मीरांग बाई : मी मोजा काढून बघायला हवा होता, दाओलची आई.

दाओलची आई : मी घातला तो मोजा. मीच नाही बघितलं. एक विचारू? संध्याकाळी सगळे गेल्यावर ही काय बोलत असते?

मीरांग बाई : एकच शब्द येतो तिला अजून. दार वाजलं की म्हणते, 'आई'. कुणाचीही आई आली तरी.